डाळपस्वारीच्या वाटेने रेल्वे

कोळवणे, ता. मालवण
१२ डिसेंबर १९५६

चि. गुरुदास यास,

मागच्या पत्रातले आशीर्वाद अजून पुरत असतील असं धरून चालते. सहा महिने तू पत्र लिहिलं नाहीस, म्हणजे ते फारसे वापरलेही नसशील. तरी आणखी थोडे पाठवते.

कामाचं सांगते. आपल्या खोऱ्यात रेल्वे येणार आहे. कसालपासून नदीच्या कडेकडेने, कट्टा गावावरून मालवणपर्यंत शाखा काढायची म्हणून पाहणीला साहेब आलेत. मूळ रेल्वे वर घाटावर कोल्हापूरला बसलीय, ती खाली कधी उतरणार हे साहेबांनाही माहीत नाही. खोडाचा पत्ता नाही आणि फांदीचं मोजमाप चाललंय. साहेब तीन पायांच्या टेबलावर दुर्बीण ठेवून आपल्या मळ्याकडे बघतात, आणि दोन माणसं लाल-पांढऱ्या काठ्या धरून उन्हात उभी असतात. बाबा रोज सकाळी जाऊन त्यांच्या रांगेत उभे राहतात. काठी नाही म्हणून छत्री धरतात.

तू मुंबईत सर्व्हेच्याच ऑफिसात आहेस असं बाबांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "असेल." एवढ्यावर बाबा गावभर सांगत सुटले, "माजो झील रेल्वे घेवन येता." काल गंगाराम गावकर, जो दहा वर्षं आपल्या अंगणात पाय टाकत नव्हता, तो येऊन चहा पिऊन गेला. साखर कमी आहे असंही म्हणाला.

मला तुझी रेल्वे नको. मला पूल हवा. आपलं घर नदीच्या अलीकडे, कट्ट्याची वाट पलीकडे, आणि मध्ये बाबलीची होडी. जूनमध्ये पाणी चढलं की बाबली होडी उलटी घालून तिच्यावर झावळं टाकतो, ती गणपतीनंतर काढतो. माझ्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. आपली विमला आता तिसरीत आहे. पुढल्या वर्षी चौथी, त्यानंतर कट्ट्याची शाळा. पावसात कसालवरून वळसा घालायचा तर तीन तास जायला आणि तीन यायला. बाबांनी आत्ताच ठरवून टाकलंय की चेडवाक चौथी पुष्कळ झाली. विमलाचा बाप शंकर असता तर त्यांच्याशी भांडला असता. तो नाही, म्हणून मी भांडते, पण वडिलांच्या घरात राहून वडिलांशी किती भांडणार?

साहेब म्हणाले, गावाची जा-ये कोणत्या वाटेने आहे ते गावाने एकमताने लिहून द्यावं, विचार करू. लिहायचं काम अर्थात मास्तरीणबाईंवर आलंय. तुझ्या ऑफिसात तुझं कोणी ऐकत असेल तर एवढंच सांग: बाबलीच्या होडीच्या जागी पूल. त्यावरून रेल्वे गेली तरी माझी हरकत नाही.

अक्का


मुंबई
९ जानेवारी १९५७

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. कामाच्या व्यापात पत्र लिहायला सवड झाली नाही. तुला वाटतं मुंबईत आम्ही वारा खात बसतो. इथे सबंध कोकणचे नकाशे माझ्या हातून जातात. कोणती नदी कुठून वाहणार हे टेबलावर माझ्यासमोर असतं.

आपल्या शाखेची फाइल आमच्याच खोलीत आहे. मोठ्या साहेबांचं आणि माझं रोज बोलणं होतं. तू गावाला नीट समजाव. एकच सरळ वाट द्या, नदीच्या एका कडेने, आणि पूल फक्त एक, बाबलीच्या जागी. पूल जितके कमी तितकी शाखा लवकर. बाकी मी बघून घेतो.

विमलाला म्हणावं, मामा आहे. बाबांना म्हणावं, छत्री धरायची गरज नाही.

येणाऱ्या कोणाबरोबर सोलं आणि सुके बांगडे पाठव. ऑफिसातल्या लोकांना दिलेले बरे असतात.

तुझा
गुरुदास


कोळवणे
२० मार्च १९५७

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद, आणि बांगडे. बांगडे सत्यवानाबरोबर पाठवलेत. हा गंगारामचा मुलगा, आता मुंबईला गिरणीत लागलाय. ऑफिसातल्या लोकांना दे, स्वतः खाऊ नकोस.

देवळाच्या मांडावर गावाची बैठक झाली. सरपंच भाई मध्ये, आणि दोन बाजूंना दोन मानकरी, बाबा आणि गंगाराम. तुझी सरळ वाट मी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, चांगली आहे, पण ती गंगारामच्या वाडीवरून आधी जाते. गंगाराम म्हणाला, चांगली आहे, पण ती बाबांच्या मळ्यातून जाते, म्हणजे स्टेशन तिकडे होणार.

"देवाचो पयलो मान आमचो, मगे रेल्वेचो कित्याक नाय?" बाबा.

"देव तुमच्या दारात आधी येता, खरा आसा. पण रेल्वे देव आसा काय?" गंगाराम.

हे चार बैठका चाललं. पाचवीला देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणावर पाकळ्या लावल्या, एक उजवी पडली, एक डावी पडली, आणि दोघांनीही आपलीच पडली असं सांगितलं.

शेवटी भाईंना सुचलं. गावात एकाच वाटेवर कधी भांडण झालेलं नाही, ती म्हणजे डाळपस्वारीची. मुंबईला राहून विसरला असशील तर आठवण देते: दर तीन वर्षांनी देव तरंगांसकट, त्या सजवलेल्या देवकाठ्यांसकट, निघतो, एकेका मानकऱ्याच्या दारात थांबत सगळ्या वाड्या फिरतो आणि परत देवळात येतो. कोणाकडे आधी, कोणाकडे मागाहून, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. रेल्वेही त्याच वाटेने न्यावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा आणि गंगाराम दोघांनी एकाच वेळी मान डोलावलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता ही वाट नदी चार वेळा ओलांडते. देवाला सोपं आहे, भरती बघून माणसं तरंग खांद्यावर घेतात आणि बाबलीच्या होडीतून पार होतात. रेल्वेला चार पूल लागतील. मी हे सांगितलं. भाई म्हणाले, "सरकाराक काय कमी आसा?" पुढे, सात मानकऱ्यांच्या दारात सात थांबे. गावच्या शिवेवर गाऱ्हाणं घालून होईपर्यंत गाडीने थांबावं, हेही अर्जात घातलंय. परतीची गाडी देवळापाशी संपेल. मालवणला कशी जायची ते ठरलं नाही, कारण मालवण आपल्या गावात येत नाही.

शाळेच्या लाल शाईने मी नकाशा काढला आणि खाली बेचाळीस सह्या-अंगठे घेतले. पहिला पूल बाबलीच्या होडीच्या जागी पडतो, म्हणून मीही सही केली. उरलेले तीन तुझ्या ऑफिसाने खाल्ले तरी चालतील.

अक्का


मुंबई
१५ मे १९५७

ती. अक्का,

नमस्कार. नकाशा पोचला. मोठ्या साहेबांनी तो फार वेळ बघितला, मग भिंतीवर लावायला सांगितला. आमच्या खोलीत भिंतीवर लागणारा नकाशा म्हणजे काय, हे तुला इथे असतीस तर कळलं असतं. दुसऱ्या खात्यातले साहेबसुद्धा येऊन बघून जातात. चारही जागी खोली आणि तळ बघायला माणसं पाठवायचं ठरलंय.

गंगारामकाकांनी आंब्याची करंडी पाठवली, आत चिठ्ठी होती की थांबा तिसरा असला तरी फलाट मोठा असावा. बाबांनीही करंडी पाठवली, आत चिठ्ठी होती की गंगारामचा फलाट लहान असावा. आंबे दोन्हीकडचे चांगले निघाले.

विमलाची काळजी करू नकोस. पुढल्या जूनला ती पाचवीत जाईल तेव्हा बाबलीच्या जागी पूल उभा असेल, हा माझा शब्द. कट्ट्याच्या जानकीमावशीकडे पावसाचे चार महिने मुलीला ठेवायचं तुझ्या मनात आहे असं लिहिलं होतंस, तसलं कोणाचं मिंधं व्हायची गरज नाही. मावशी जन्मभर ऐकवील. मावशीला नाही म्हणून कळव.

तुझा
गुरुदास


कोळवणे
१८ जुलै १९५८

गुरुदास,

हे पत्र कसालवरून वळसा घालून पोस्टात पडेल. बाबलीची होडी झावळांखाली आहे. तुझा पूल कुठे आहे ते तुला माहीत.

गेल्या महिन्यात सत्यवान रजेवर आला. मुंबईहून निघायच्या आधी बापाने सांगितलं म्हणून तो तुझ्या ऑफिसात गेला होता, फलाटाचं काय झालं ते विचारायला. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर तू बसला होतास. छातीवर पितळेचा बिल्ला. आतून घंटी वाजली तेव्हा नकाशांची गुंडाळी काखेत मारून तू आत गेलास. तो तुला न भेटताच परत फिरला. हे त्याने गावात कोणाला सांगितलं नाही, बापालाही नाही. मला एकटीला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. गंगारामच्या पोटी असा मुलगा कसा आला, देव जाणे.

तू शिपाई आहेस याचं मला काही वाटलं नाही. सबंध कोकणचे नकाशे तुझ्या हातून जातात हे तू खरंच लिहिलं होतंस. मला राग आलाय तो दुसऱ्याचा. विमला चौथीत तालुक्यात दुसरी आली. जानकीमावशीने दोनदा निरोप पाठवला, पोरीला आण. मी नाही म्हणून कळवलं, कारण माझ्या भावाने शब्द दिला होता. आता मावशीने आपल्या भाचीला ठेवून घेतलं, तिच्याकडे जागा नाही. विमला घरात बसून तांदूळ निवडते. रोज सकाळी नदीवर जाऊन पाणी किती उतरलं ते बघून येते आणि पुन्हा सूप पुढ्यात ओढते. बाबा म्हणतात, बघ, पोर घरात रमली.

गाव तुझ्या नादी लागला म्हणून मी दीड वर्षं हसत होते. बेचाळीस अंगठ्यांना हसले. सगळ्यांत मोठी खुळी मीच निघाले. बाकीच्यांनी नुसते आंबे दिले.

उत्तर लिहायचं असेल तर खरं लिही. नसेल तर तिकीट वाया घालवू नकोस.

सुभद्रा


मुंबई
१० ऑगस्ट १९५८

अक्का,

तू पत्राखाली सुभद्रा लिहिलंस ते चार वेळा वाचलं.

खरं लिहितो. मी शिपाई नंबर बेचाळीस. दार उघडतो, चहा आणतो, गुंडाळ्या नेतो. ड्राफ्ट्समन लोकांचा हात भरला असला की नकाशात नदीला निळा रंग द्यायला मला बसवतात. कोणती नदी कुठून वाहणार हे माझ्यासमोर असतं असं लिहिलं ते एवढंच. पहिल्या वर्षी बाबांनी विचारलं, काय काम करतोस, तेव्हा नकाशाचं म्हटलं. मग ते वाढत गेलं. तुझ्या पत्रात गाव माझ्याकडे आशेने बघतंय असं वाचलं की बरं वाटायचं. इथे माझ्याकडे चहा हवा असला तरच बघतात.

गावचा नकाशा भिंतीवर लावला तो हसायला लावला. खरंच खात्याखात्यांतून साहेब बघायला यायचे. मी दार उघडायचो. एकदा एकाने विचारलं, कुठल्या खुळ्यांचं गाव हे? मी म्हटलं, ठाऊक नाही साहेब. ते मला आठवतं आणि जेवण जात नाही. शाखेची फाइल फेब्रुवारीतच बंद झाली. कारण मूळ रेल्वेच येत नाही. तुझ्या चार पुलांमुळे नव्हे, एवढं तरी मनातून काढ.

पण एक गोष्ट आहे. नकाशा कितीही खुळा असला तरी गावाचा एकमताचा अर्ज होता, म्हणून नियमाप्रमाणे चारही जागी माणसं पाठवून तळ बघितला होता. ते कागद परवा रद्दीत निघाले. रद्दी बांधायचं काम माझं. सोबत पाठवतो. तीन जागी नुसता चिखल, बांबू जातच राहतो. बाबलीच्या होडीखाली मात्र ओहोटीला पुरुषभर पाण्यात सलग कातळ आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. इथले साहेब आपसात म्हणाले होते, रेल्वेला नको, पण इथे साकव घालायला वेड्यालाही जमेल.

मी ऑफिस सुटल्यावर आठ दिवस बसून साकवाचा नकाशा काढलाय. चिऱ्याचे पाच खांब, वर माडाचे ओंडके आणि फळ्या. ड्राफ्ट्समनने तपासून दिला. नदीला रंग मीच दिला, तो चांगला आहे. हे सगळं लोकल बोर्डाकडे दे. कातळाचा कागद बघून ते सिमेंट देतील.

विमलाचं वर्ष माझ्यामुळे गेलं. बाबांना माझं खरं सांगायचं असेल तर सांग.

गुरुदास


कोळवणे
१६ मे १९५९

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

रागावले होते म्हणून इतके महिने लिहिलं नाही असं समजू नकोस. रागावले होतेच, पण कामातही होते.

साकव झाला.

कसा झाला ते ऐक. नुसता साकव म्हटला असता तर बाबा म्हणाले असते, तो गंगारामच्या काठाला का टेकतो? आणि गंगाराम म्हणाला असता, तो बाबांच्या काठावरून का निघतो? म्हणून मांडावर मी तुझे कागद वाचले. म्हटलं, मुंबईच्या ऑफिसाने डाळपस्वारीच्या वाटेवरच्या चारही जागा तपासल्या. तीन जागी चिखल निघाला. पहिल्या जागी कातळ लागला. तेव्हा पहिला पूल तिथे बांधता येतो. यात खोटं एक अक्षर नाही. खरं थोडं शिल्लक ठेवलं, एवढंच.

भाईंनी श्रमदान जाहीर केलं, बोर्डाच्या ओव्हरसिअरने सिमेंट दिलं, गंगारामने चिरे दिले. मग बाबांना समजलं की गंगारामने चिरे दिले, तेव्हा त्यांनी आपले सोळा माड तोडून दिले. पण तुझा नकाशा कोणी पाळला नाही. तू साकव दोन फळ्यांचा काढलास. बाबा भडकले. "हेच्यार रेल्वे खंय मावतली?" कोल्हापूरला एकदा गेले होते तेव्हा त्यांनी रुळांमधलं अंतर आपल्या काठीने मोजलं होतं, काठी आणि वर चार बोटं. तेवढं अंतर, त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनाचं पोट, असं धरून साकव बैलगाडीएवढा रुंद केलाय. खांब पाचाऐवजी नऊ. ओव्हरसिअर म्हणाला, हत्ती न्यायचाय का? बाबा म्हणाले, हत्ती न्हय, रेल्वे. तो सिमेंटच्या गोणी मोजायला लागला. सरकारी माणूस होता, त्याला वाटलं असेल की दुसऱ्या खात्याचं काही तरी चाललंय.

आता अडलंय ते पुढे. साकव पुरा होऊन पंधरा दिवस झाले, आणि त्यावर कुत्रंसुद्धा गेलेलं नाही. डाळपस्वारीच्या वाटेवर काही नवं झालं तर देवाआधी त्यावर माणसाचं पाऊल पडत नाही. पुढची डाळपस्वारी येत्या माघात. म्हणजे नऊ महिने. दोन्ही काठांना आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे बांधून साकव बंद केलाय आणि बाबली त्याच्या सावलीतून होडी हाकतोय. शाळा आठ जूनला उघडते. पाऊस त्याच्याही आधी. देवाला कौल लावला, पाकळी जागची हलली नाही. मी हात जोडून उभी होते, गुरुदास. त्या क्षणी मला देवाचा सुद्धा राग आला.

मग भाईंनी तोड काढली. हा पूल रेल्वेचा. तेव्हा पहिला मान रेल्वेचा, देव इथे पाहुणा. रेल्वेच्या माणसाने आधी चालून जावं, मग वाट मोकळी. आणि रेल्वेचा माणूस गावात एकच.

तेव्हा ये. ढोल-ताशे सांगून ठेवलेत. बाबांनी तुझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू बघ.

अक्का


मुंबई
२८ मे १९५९

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

रजा मागितली, मिळाली नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत बाहेरगावचे सगळे नकाशे परत येतात, ते उचलायला मी लागतो. पण रजा मिळाली असती तरी कोट घालून आलो नसतो हेही खरं. रेल्वे म्हणून मान घ्यायचा तर बिल्ला लावून यायला हवं. न लावता आलो तर मी रेल्वे कसला?

म्हणून बिल्लाच पाठवतो. पार्सल सत्यवान आणून देईल. हे काम मी त्याच्याकडेच दिलं. त्याने ते माझ्या हातातून घेऊन पिशवीत तळाशी ठेवलं.

रेल्वेचं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. त्यावर काय लिहिलंय ते बाबा विचारतील. वाचून दाखव, जसंच्या तसं.

गुरुदास


कोळवणे
९ जून १९५९

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद. या खेपेला मनापासून आहेत, जपून वापर.

काल सकाळी सगळा गाव साकवाच्या दोन काठांना जमला. आकाश भरून आलेलं, पाणी चढायला लागलेलं. बाबांच्या हातात तुझा नवा कोट होता. मी पार्सल सोडून बिल्ला बाहेर काढला. पितळ तू घासून पाठवलं होतंस.

बाबांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. "काय लिवलला आसा तेच्यार?"

इंग्रजी वाचणारी तिथे मी आणि भाई. भाईंनी आधीच वाचलं होतं आणि ते नदीकडे बघायला लागले होते. मी म्हटलं, "शिपाई. नंबर बेचाळीस."

ढोलवाला सुद्धा थांबला. बाबांनी कोटाची घडी एकदा मोडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, संपलं. पहिला मान आपला म्हणून जन्मभर भांडलेला माणूस, त्याचा मुलगा शिपाई, आणि हे ऐकायला समोर गंगाराम उभा.

आणि बोलला तोही गंगारामच. पलीकडच्या काठावरून मोठ्याने म्हणाला, "मगे अडता खंय? देवाच्या फुडे तरी कोण चलता? राजा चलता काय? चोपदारच चलता मरे. शिपाय फुडे गेलो तर देवाचो मान खंय गेलो?"

गुरुदास, दहा वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली. सगळी परत घेतली नाहीत, पण निम्मी घेतली. चोपदार देवाच्या पुढे चालतो, हा रिवाज कोणाला नाकारता येईना. भाई म्हणाले, बरोबर. गुरव म्हणाला, बरोबर. सगळे बाबांकडे बघायला लागले.

विमला माझ्यामागे दप्तर घेऊन उभी होती, कारण शाळेचा पहिला दिवस होता आणि तिने कोणालाही न विचारता सकाळीच दप्तर भरलं होतं. बाबा तिच्याकडे गेले, खाली बसले आणि बिल्ला तिच्या झग्याला लावायला लागले. टाचणी दोनदा चुकली. मग म्हणाले, "चल गो. शाळेक उशीर जाता."

ती चालत गेली. पळाली नाही. पलीकडे पोचल्यावर गंगारामने टाळा सोडला आणि तिच्या हातावर नारळ दिला. तिने तो दप्तरात घातला आणि कट्ट्याच्या वाटेला लागली. ढोल मागाहून वाजले. मी रडले, लिहिते तुला. बाबांनी कोट खांद्यावर टाकला आणि घरी येताना एवढंच बोलले, "बेचाळीसच्या आधी एकेचाळीस झाले ना? म्हणजे जुनी नोकरी."

पाऊस दुपारी सुरू झाला. विमला संध्याकाळी साकवावरून घरी आली.

अक्का

ता. क. बिल्ला आता परत मागू नकोस. मेमो मिळाला तर मिळू दे.


कोळवणे
१७ जून १९६६

ती. मामास विमलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई म्हणाली, या खेपेला पत्र तू लिही, मामाला चांगलं कसं लिहायचं ते मला जमत नाही.

मी मॅट्रिक झाले. रत्नागिरीला अध्यापन विद्यालयात नाव घातलंय, पुढल्या महिन्यात जाईन. सात पावसाळ्यांत माझा शाळेचा एक दिवस पाण्यामुळे बुडाला नाही. एकसष्टच्या पुरात वरच्या गावांचे दोन्ही साकव वाहून गेले, आपला राहिला. आजोबा म्हणतात, रेल्वेसाठी बांधलेला तो पावसाला कसा दबेल?

तुमचा बिल्ला माझ्याकडे नाही. मी आठवीत गेले तेव्हा आजोबांनी नियम केला की शाळा उघडायच्या दिवशी जी सगळ्यांत लहान असेल तिने तो वर्षभर लावून पुढे चालायचं. गंगारामआजोबांनी त्याला मान म्हटलं, त्यामुळे आता तो मोडायची कोणाची छाती नाही. या वर्षी तो त्यांच्याच नातीकडे, आपल्या काठाला दिलेल्या लेकीच्या मुलीकडे, आहे. आजोबा कुरकुरले, पण टाचणी त्यांनीच लावली.

एक गंमत सांगायची राहिली. परवा खोऱ्यात पुन्हा रेल्वेचे साहेब आले. तीन पायांचं टेबल, लाल-पांढऱ्या काठ्या, सगळं आई सांगते तसंच. त्यांनी टेबल साकवावर मांडलं आणि आजोबांना विचारलं, "बाबा, इथून रेल्वे आली तर गावाची काही हरकत?"

आजोबा म्हणाले, "रेल्वे? ती इली मरे. सात वर्सां झाली."

साहेब हसले. तेवढ्यात पलीकडे जायला मुली आल्या. पुढे बिल्ला, मागे तेरा जणी. साहेबांना टेबल उचलून बाजूला व्हावं लागलं.

"सकाळी साडेनवाक जाता," आजोबा म्हणाले, "आणि कधी चुकणा नाय."

साहेबांनी बिल्ल्याकडे एकदा बघितलं, मग खिशातून वही काढली आणि वेळ लिहून घेतली.

तुमची
विमला